चांदीचा रुपया वाचावा कसा

वाचकहो, हा पाठ वाचायला बसताना खिशातले एक नाणे काढून हातात घ्या. आजचे, साधे, चालू नाणे. रुपयाचे असो, दोनचे असो की पाचाचे असो. त्यावर वर्ष छापलेले आहे. त्या वर्षाच्या खाली नीट बघा. बारीक चौकटच्या आकाराची खूण दिसली, पत्त्यातल्या चौकटसारखी, तर ते नाणे मुंबईच्या टाकसाळीत पाडलेले आहे. चांदणी दिसली तर हैदराबादचे. गोल ठिपका दिसला तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे.

इतके दिवस नाणी हाताळली, पण ही खूण पाहिली होती का? बहुतेकांनी नसेल. आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिली नव्हती. पैसा आपण मोजतो, वाचत नाही.

आता घरातला जुना चांदीचा रुपया घ्या. पुष्कळ घरांत तो असतोच. लक्ष्मीपूजनाला पाटावर येतो, मग पुन्हा डब्यात जातो. कोणाकडे एक असतो, कोणाकडे आजीने गाठोड्यात बांधलेले वीस-पंचवीस असतात. लग्न निघाले, दवाखान्याचा खर्च आला, की ते गाठोडे सुटते आणि सोनाराच्या काट्यावर जाते. काट्यावर सगळे रुपये सारखेच तोलले जातात. पण ते सारखे नसतात. कोणत्या रुपयात चांदी किती, हे त्याच्यावर छापलेले वर्ष सांगते. म्हणून ज्याला चार आकडे वाचता येतात, त्याने आपले रुपये आधी वाचावेत आणि मग दुकानाची पायरी चढावी.

पूर्वी सगळा मुलूख एका रुपयावर चालत नव्हता. पेशव्यांच्या काळात पुण्याचा अंकुशी रुपया होता, त्यावर अंकुशाची खूण असे. चांदवडचा रुपया वेगळा, मिरजेचा वेगळा. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की तो कमी किमतीला घेत. या कपातीला बट्टा म्हणत. 'नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो, ते इथूनच आले. नाणे खरे की खोटे हे पारखायला गावात पोतदार असे. तो बहुधा सोनारच. आज पोतदार हे आडनाव राहिले, काम गेले.

पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यातल्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. तो यंत्रावर पाडलेला. कळ म्हणजे यंत्र, म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. हाताने ठोकलेले नाणे कुठे जाड, कुठे पातळ, ठसा अर्धा बाहेर. कलदार रुपया मात्र अगदी गोल, कडेला बारीक दाते. दाते शोभेला नव्हते, बरे का. कडेची चांदी कोणी कानशीने खरवडून घेतली, तर दाते पुसले जात आणि चोरी उघडी पडे.

हे रुपये पाडण्याच्या मोठ्या टाकसाळी दोन, कोलकाता आणि मुंबई. मुंबईची टाकसाळ कोटात आहे, जुन्या टाऊन हॉलजवळ. १८२० ते १८३० या काळात ती बांधली आणि आत वाफेची यंत्रे बसवली. ती टाकसाळ आजही चालू आहे. १९१८ साली तर तिथे थोडा काळ लंडनच्या टाकसाळीची शाखा म्हणून सोन्याचे पौंडही पाडले. पण आपल्या गाठोड्यात पौंड कुठले? आपण रुपयाकडेच वळू.

या कलदार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. जुन्या माणसांना हे सांगायला नको. 'रुपयाभार तूप', 'दोन रुपयेभार हळद' असे ती बोलतच. ऐंशी रुपये काट्यात टाकले की एक पक्का शेर होई. रुपया हा पैसाही होता आणि मापही होते.

आता चांदीचा हिशेब. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी. उरलेला एक भाग मुख्यतः तांबे, कारण नुसती चांदी मऊ असते, लवकर झिजते. सोळा आण्यांच्या भाषेत सांगायचे तर चौदा आणे आठ पै चांदी. पुढे दुसरे महायुद्ध आले. चांदी टंचाईची झाली. लोक रुपये घरात दडवू लागले. तेव्हा १९४० साली सरकारने रुपयातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात आठ आणेच चांदी. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया आला तो निकेलचा, मागे वाघाचे चित्र असलेला. त्यात चांदी मुळीच नाही. जुने जास्त चांदीचे रुपये सरकारने १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. जे घरात राहिले, ते आज आपल्या गाठोड्यात आहेत.

आता आकडे मांडू. १९३९ पर्यंतच्या एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० नंतरच्या रुपयात ५.८३ ग्रॅम. जवळजवळ दुपटीचा फरक! वीस रुपये असले तर एकीकडे सुमारे २१४ ग्रॅम चांदी, दुसरीकडे सुमारे ११७ ग्रॅम. वजन दोन्हींचे सारखे. रंगही अंधूक उजेडात सारखाच वाटतो. दोन्ही एकत्र तोलले आणि दुकानदाराने 'युद्धातले आहेत' म्हणून सगळ्यांना निम्म्या चांदीचा भाव लावला, तर घरची लक्ष्मी अर्धी झाली. तेव्हा घरीच दोन ढीग करा. १९३९ पर्यंतचा एक, १९४० पासूनचा दुसरा.

कुर्डुवाडीच्या आमच्या वर्गात एकदा असेच झाले. एका आजींनी रुमालात बांधून सतरा रुपये आणले. आम्ही म्हणालो, "आजी, साल वाचा." आजींनी चष्मा लावला. एक, नऊ, एक, आठ. दुसरा, एक, नऊ, चार, दोन. आकडे इंग्रजी होते, पण बसच्या पाटीवरून आणि मोबाइलवरून आजींना ते ठाऊक होते. अर्ध्या तासात ढीग झाले. अकरा एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. एक उरला. त्यावर साल होते, पण ते इंग्रजी नव्हते आणि वर चार मिनारांचे चित्र होते. आजी म्हणाल्या, "ह्यो माझ्या माहेरचा. हाली."

बरोबर होते. हे समजायला आपला भाग कसा आहे ते आठवा. कुर्डुवाडी माढे तालुक्यातली. पूर्वी या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. इथून १८९७ साली बार्शीला अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. ती १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. सोलापूर, बार्शी, माढे हा इंग्रजांचा मुलूख. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हा निजामाचा मुलूख. तिकडे निजामाचा स्वतःचा हाली सिक्का चाले. म्हणजे एकाच गाडीत बसलेल्या दोन माणसांच्या कनवटीला दोन वेगळे रुपये. हिशेब साधारण असा, सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली रुपया वजनाला थोडा हलका आणि त्यात चांदीही कलदारपेक्षा कमी.  विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनार आला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढच्या काही वर्षांत हाली चलन बंद झाले. आपल्या भागात लेकी-सुना सीमेपलीकडून आल्या, म्हणून हाली रुपये आपल्याकडे सापडतात. त्यांचा तिसरा ढीग करा.

साल वाचून झाले. आता मुखवटा पाहू. नाण्याची राजाच्या मुखाची बाजू ती छापा, दुसरी बाजू ती काटा. मुलांच्या खेळात असतो तोच छापा-काटा.

छाप्यावर राणी असेल तर तो राणीछाप रुपया, व्हिक्टोरिया राणीचा. १८४० चा असेल तर राणी तरुण आहे, डोक्यावर मुकुट नाही आणि काट्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे. १८६२ पासून राणीच्या डोक्यावर मुकुट आला आणि कंपनीचे नाव गेले, कारण १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच गेले होते. १८७७ पासून तिच्या नावापुढे राणीऐवजी सम्राज्ञी हा शब्द आला. मग तिचा मुलगा सातवा एडवर्ड. त्याचे रुपये १९०३ ते १९१० या सालांचे. त्याला टक्कल आहे, दाढी आहे आणि मुकुट नाही. मग पाचवा जॉर्ज, १९११ पासून, मुकुट आणि भरजरी झगा घातलेला. शेवटचा सहावा जॉर्ज, दाढी नसलेला.

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट मोठी गमतीची आहे. राजाच्या झग्यावर हत्तीचे छोटे चित्र होते. पण ठसा करणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो हत्ती डुक्कर वाटला. ओरड झाली. सरकारने तो रुपया मागे घेतला आणि १९१२ साली नीट सोंडेचा हत्ती काढून नवा रुपया पाडला. म्हणून १९११ चा रुपया गोळा करणारे तो हौसेने शोधतात. तुमच्या गाठोड्यात असेल तर तो वितळवायच्या ढिगात टाकू नका.

आता टाकसाळीची खूण. पाचव्या आणि सहाव्या जॉर्जच्या रुपयाची काट्याची बाजू वर करा. फुलापानांच्या नक्षीत अगदी खाली कमळाचे फूल आहे. त्या फुलाखाली मोहरीपेक्षाही बारीक उठावदार ठिपका असेल तर रुपया मुंबईचा. नसेल तर कोलकात्याचा. एडवर्डच्या मुंबईच्या रुपयावर ठिपक्याऐवजी इंग्रजी 'बी' हे बारीक अक्षर खालच्या नक्षीत कोरलेले असते. युद्धकाळात लाहोरलाही टाकसाळ निघाली, तिची खूण इंग्रजी 'एल'. राणीच्या नाण्यांचे मात्र जरा अवघड आहे. खूण काहींवर आहे, काहींवर नाही. शिवाय १८६२ हे साल असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत राहिले, साल न बदलता! मग खरे वर्ष टाकसाळीतल्या माणसांना कळावे म्हणून मुंबईकरांनी काट्यावर ठिपके वाढवत नेले. ते ठिपके मोजणे हा मुरलेल्या माणसांचा खेळ आहे. आपण तूर्त कमळाखालचा एक ठिपका ओळखला तरी पुरे.

एवढ्याशा ठिपक्याला इतके महत्त्व का? कारण गोळा करणारा नाण्याची किंमत चांदीवर करत नाही. कोणत्या सालाची, कोणत्या टाकसाळीची नाणी किती उरली, यावर करतो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९३९ च्या रुपयाचे. तो मुंबईचा. त्यात जुन्या हिशेबाने पूर्ण चांदी. पण पुढच्याच वर्षापासून चांदी निम्मी झाली, जुने रुपये परत गोळा झाले आणि वितळले. १९३९ चे फारच थोडे राहिले. त्यामुळे त्याला मोठी किंमत येते. आणि ज्याला मोठी किंमत, त्याची नक्कलही मोठी. बाजारात दिसणारे १९३९ चे बहुतेक रुपये आम्हाला संशयाचेच वाटतात.

नक्कल दोन तऱ्हांनी होते. एक, खरा १९३८ चा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या आठाचा नऊ करायचा. रुपया खरा, चांदी खरी, वजन खरे, आकडा तेवढा खोटा. हे वजनाने पकडता येत नाही. त्याला भिंग हवे. शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याची रेघ आहे का, तो आकडा बाकी तिघांच्या उंचीचा आणि जाडीचा आहे का, ते पाहावे. ठिपकाही कधी मागून चिकटवतात, कधी घासून काढतात.

दुसरी तऱ्हा, संपूर्ण नाणे ओतायचे. टाकसाळीत नाणे ओतत नाहीत, पाडतात. धातूची चकती दोन पोलादी ठशांमध्ये धरून यंत्राने जोराने दाबतात. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि मधली जागा गुळगुळीत राहते. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे साबणासारखी गोलसर, अंगावर बारीक खड्डे, कडेचे दाते अस्पष्ट. कधी कडेवर साच्याच्या दोन पाळ्यांचा जोडही दिसतो. रुपयाची कड पाहणे ही सवय लावून घ्या. १९४० नंतरच्या चांदीच्या रुपयाच्या कडेला तर दात्यांच्या मध्ये एक खाच आहे आणि खाचेत मण्यांसारखी नक्षी आहे. नक्कल करणाऱ्यांना अडचण व्हावी म्हणूनच ती केली होती.

आपली आजी रुपया दगडावर वाजवून घेई. खणखणीत वाजला तर घेतला, बद्द वाजला तर परत दिला. शिशाची भेसळ या आवाजाने पकडता येते, ते खरेच. पण आज दगडावर आपटू नका, कडेला खोक पडली तर किंमत जाते. बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. लोहचुंबकही लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे. पण न चिकटला म्हणून चांदी ठरत नाही. तांबे, पितळ, शिसे आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक धरत नाही. जर्मन सिल्व्हर नावाला सिल्व्हर. त्यात चांदीचा कण नसतो.

याहून पक्की परीक्षा पाण्याची. सोनाराकडचा बारीक वजनाचा काटा लागेल. आधी कोरडा रुपया तोला. ११.६६ ग्रॅम किंवा झिजून थोडा कमी भरेल. पूर्वी शेकडा दोनपर्यंतची झीज सरकार चालवून घेई. हातोहात फिरलेला रुपया याहून जास्तही झिजलेला असू शकतो. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पुरता बुडेल असा हातात धरून ठेवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो लिहून घ्या. पूर्ण वजनाच्या जुन्या रुपयाला सुमारे १.१३ येईल. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे १.२२. जर्मन सिल्व्हरच्या नकलेला १.३० च्या वर. आपण विहिरीत उतरलो की पाणी जसे बाजूला सरते, तसे रुपयाने पाणी सारले. जड धातू आकाराने लहान, म्हणून पाणी कमी सारतो. नाण्याला ओरखडा नाही, आम्ल नाही, खर्च नाही. सोनार कसोटीवर घासतो ती रीतही खरी आहे, पण तिने नाण्यावर घासल्याची खूण राहते.

खुणेवरून आठवले. दिवाळीला चिंच, राख, रांगोळी लावून रुपया चकचकीत घासण्याची आपली रीत आहे. पूजेच्या एका रुपयाचे ठीक. बाकीचे घासू नका. चांदीवर काळेपणा येतो तो हवेतल्या गंधकाच्या वायूने, तो मळ नव्हे. घासल्यावर काळेपणाबरोबर राजाच्या दाढीचे केस आणि कमळाखालचा ठिपकाही जातो. माळेत घालण्यासाठी डाख देऊन कडी बसवलेले रुपयेही असतात. त्यांची किंमत चांदीपुरतीच येते, कारण नाणे म्हणून ते बिघडले.

आता फसवणुकीचे काही प्रकार सांगतो. यात्रेत आणि मोबाइलवर ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून नाणी दाखवतात. वर राम-सीता किंवा हनुमान, खाली १८१८ असे साल. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती देवळापुढे विकली जाणारी टोकने आहेत. कोणी म्हणतो, हे नाणे तांदूळ ओढते, याला परदेशात कोटी रुपये मिळतात. ही सरळ लबाडी आहे. यात शिकलेली माणसेही शेत विकून बसली आहेत. आणि तिसरा, फोनवरून बोलणारा. 'तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा.' तो रिझर्व्ह बँकेचे नाव घेतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क मागत नाही. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, मागत नाही. मागू लागला की फोन ठेवा.

आणखी एक गोष्ट, शेतकऱ्यांसाठी. नांगरताना, पाया खणताना नाण्यांचा गडू लागला तर तो गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडवलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. कळवले आणि त्या धनाला दुसरा वारस निघाला नाही, तर कायद्याने सापडणाऱ्याला वाटा मिळतो. दुसराच काही करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारने धन स्वतःकडे ठेवायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर पाचवा भाग जास्त देण्याची तरतूद आहे. लोक भीतीने वितळवतात आणि गावाचा इतिहास मुशीत जातो. घरातल्या गाठोड्याला हा कायदा लागत नाही.

ज्यांना नाणी पाहायची हौस लागेल त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे संशोधन करणारी संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे एकदा जावे. मुंबईला कोटात रिझर्व्ह बँकेचेही संग्रहालय आहे.

पण त्याआधी घरचे काम. एक वही करा. प्रत्येक रुपयाला एक ओळ. वर्गातल्या आजींनी आपल्या नातवाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर पहिली ओळ अशी लिहिली:

रुपया पहिला. साल १९१८. राजा पाचवा जॉर्ज, मुकुट आहे. कमळाखाली ठिपका आहे, मुंबई. वजन ११ ग्रॅम ५८. पाण्यात १.१२. कड चांगली. सासूबाईंनी दिला. विकायचा नाही.